क्यूबचा फॉर्म्युला आणि देवगिरीचे खडे

आजचा भाग ऐकताना घरात क्यूब पडलेला असेल तर हातात घ्या. दोन-तीन ठिकाणी तो खरोखर फिरवायचा आहे. नसेल तर निवांत ऐका, काही बिघडत नाही. फक्त गाडी चालवताना ऐकत असाल तर क्यूबला हात लावू नका, आधीच जालना-संभाजीनगर रोडवर काय कमी प्रकार चालतात!

तर १९८१ साल. १ मे, महाराष्ट्र दिन. त्या दिवशी जालना जिल्हा जन्माला आला. तोवर आपण औरंगाबाद जिल्ह्यातला एक भाग होतो. परतूर परभणीकडून आलं, बाकीचे तालुके औरंगाबादकडून, आणि नवा जिल्हा झाला. ही गोष्ट तुम्ही शाळेत ऐकली असेल. त्याच वर्षी जगात आणखी एक गोष्ट चालू होती. मार्च १९८१ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकाच्या मुखपृष्ठावर एक रंगीत ठोकळा झळकला. आणि अमेरिकेत त्या वर्षी सगळ्यात जास्त खपलेलं पुस्तक कादंबरी नव्हतं, कुणा नेत्याचं चरित्रही नव्हतं. जेम्स नोर्स नावाच्या स्टॅनफर्डच्या रसायनशास्त्रज्ञानं लिहिलेलं, क्यूब कसा सोडवायचा हे सांगणारं ते एक छोटं पुस्तक होतं. तिकडे इंग्लंडमध्ये पॅट्रिक बॉसर्ट नावाच्या शाळकरी पोरानं असंच पुस्तक लिहिलं, त्याच्याही लाखो प्रती गेल्या. म्हणजे ठोकळ्याइतकाच तो सोडवायचा 'फॉर्म्युला'ही विकला जात होता.

आजचा विषय हाच आहे, फॉर्म्युला. क्यूबवाली मंडळी त्याला 'अल्गोरिदम' किंवा 'अल्गो' म्हणतात. आपल्याकडची पोरं सरळ फॉर्म्युला म्हणतात आणि मला तोच शब्द बरा वाटतो.

हा विषय का घेतला, ते सांगतो. आमच्या गल्लीतली एक मुलगी आहे, आठवीत. तिनं यूट्यूबवर बघून क्यूब शिकला. शाळेच्या गॅदरिंगमध्ये स्टेजवर एक मिनिटाच्या आत सोडवून दाखवला. टाळ्या पडल्या. मग पाहुणे उठले आणि माइकवर म्हणाले, "छान, पण हे पाठांतर आहे बरं का बाळांनो, फॉर्म्युला पाठ केला की कुणालाही जमतं. बुद्धी वेगळी." पोरगी हसली, खाली उतरली. त्यानंतर तिनं कुणासमोर क्यूब काढला नाही. मी तिला काही समजावायला गेलो नाही, आठवीतल्या मुलीला समजावणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. पण ते वाक्य डोक्यात बसलं. पाठांतर एकीकडे आणि बुद्धी दुसरीकडे, अशी वाटणी खरंच करता येते का? त्याचं उत्तर शोधता शोधता मी बुडापेस्टहून निघालो आणि चक्क दौलताबादला येऊन पोचलो.

बुडापेस्टपासूनच सुरू करू. एर्नो रुबिक, जन्म १९४४, तिथल्या कला-उपयोजनाच्या कॉलेजात इंटिरियर डिझाइन शिकवणारा माणूस. १९७४ च्या वसंतात त्यानं लाकडाचे लहान तुकडे जोडून असा घन बनवला की ज्याचे थर स्वतंत्र फिरतात आणि तरी तो सुटा होत नाही. त्याला कोडं बनवायचं नव्हतं, त्याला ती रचना जमते का ते बघायचं होतं. मग त्यानं बाजूंना रंग दिले, चार-पाच वेळा फिरवलं, रंग मिसळले, बघायला छान वाटलं. आणि मग परत जायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की रस्ताच माहीत नाही.

आता जरा थांबा इथे. ज्या माणसानं क्यूब बनवला, त्याला तो सोडवायला महिन्याहून जास्त वेळ लागला. बुद्धी कमी होती का त्याच्याकडे? नाही. त्याच्याकडे फॉर्म्युला नव्हता. त्यानं आधी आठ कोपरे जागेवर आणले, मग थोड्या थोड्या चालींच्या अशा साखळ्या शोधल्या की ज्या एक-दोन तुकडे हलवतात आणि बाकीचं विस्कटत नाहीत. म्हणजे त्या महिन्याभरात त्यानं क्यूब सोडवला त्याहून जास्त फॉर्म्युले तयार केले. आज आपली आठवीतली पोरगी अर्ध्या तासाच्या व्हिडिओत जे शिकते, ते त्या महिन्याचं पीक आहे.

जानेवारी १९७५ मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला, १९७७ च्या शेवटी बुडापेस्टच्या दुकानांत क्यूब आला, 'जादूचा घन' अशा अर्थाच्या हंगेरियन नावानं. १९८० मध्ये अमेरिकेतल्या आयडियल टॉय कंपनीनं त्याचं नाव बदलून रुबिक्स क्यूब केलं आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे.

पण मधे एक माणूस आहे ज्याला लोक विसरतात. डेव्हिड सिंगमास्टर. लंडनमध्ये गणिताचा प्राध्यापक. १९७८ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीला जगभरच्या गणितज्ञांची मोठी परिषद भरली होती, तिथे हंगेरीहून आलेल्यांच्या हातात त्यानं हा ठोकळा पाहिला आणि झपाटला गेला. पुढच्या वर्षी त्यानं क्यूबवर टिपणांची एक पुस्तिका काढली. त्या पुस्तिकेतली सगळ्यात मोठी गोष्ट कुठलं उत्तर नव्हतं. ती होती लिहायची पद्धत. सहा बाजूंना सहा अक्षरं. उजवी म्हणजे राइट, तिचं आर. डावीचं एल. समोरचीचं एफ, मागचीचं बी. वरचीला अप म्हणून यू, खालचीला डाउन म्हणून डी. नुसतं अक्षर लिहिलं की ती बाजू घड्याळाच्या दिशेनं पाव फेरा फिरवायची. अक्षरावर टिंब-रेघेसारखी खूण, जिला 'प्राईम' म्हणतात, ती असली की उलटा पाव फेरा. संपलं. एवढंच.

हे फार साधं वाटतं, म्हणून लोक त्याला किंमत देत नाहीत. पण त्याआधी दोन क्यूबवाले भेटले की बोलणार कसे? "ती उजवीकडची पट्टी वर कर, मग वरचा थर तिकडे वळव, नाही नाही, तिकडे नाही…" फोनवर तर बोलताच येणार नाही. सिंगमास्टरच्या अक्षरांनंतर एक साखळी पोस्टकार्डावर लिहून देशाबाहेर पाठवता येऊ लागली. संगीतात स्वरलिपी आल्यावर जे झालं, तेच हे. हा संगीताचा दाखला मी उगाच देत नाहीये, पुढे लागणार आहे.

आता क्यूब हातात घ्या. आर, यू, आर प्राईम, यू प्राईम. उजवी वर, वरची डावीकडे, उजवी खाली, वरची परत. चार चाली. क्यूबवाल्यांनी या चौकडीला एक नाव ठेवलं आहे, ते मी घेत नाही, काही जण घरी स्पीकरवर ऐकत असतील. ही चौकडी सुटलेल्या क्यूबवर एकदा करा, बिघडला. दुसऱ्यांदा करा, आणखी बिघडला. करत राहा. सहाव्या वेळी क्यूब जसा होता तसा परत येतो. पहिल्यांदा हे बघताना अंगावर काटा येतो, मला तरी आला होता.

यात गंमत काय आहे? पहिली चाल केली, दुसरी केली, मग पहिली उलटी केली, दुसरी उलटी केली. आयुष्यात आपण उलगडतो तेव्हा क्रम उलटा असतो. मोजे घालून बूट घातले, तर काढताना आधी बूट. क्यूबवर मुद्दाम 'चुकीच्या' क्रमानं उलगडायचं. आधी मोजे काढायचा प्रयत्न करायचा. मग सगळं जागेवर येत नाही, थोडंसं राहून जातं. आणि ते जे थोडं राहून जातं, तेच आपलं काम. दोन चालींचा एकमेकींशी जेवढा कमी संबंध, तेवढं कमी राहून जातं. म्हणून हुशारीनं निवडलेल्या आठ चालींत क्यूबचे फक्त तीन कोपरे आपापसात जागा बदलतात आणि उरलेले सतरा तुकडे जसेच्या तसे राहतात. करून बघा: आर, यू प्राईम, एल प्राईम, यू, आर प्राईम, यू प्राईम, एल, यू. मधे सगळं वाटोळं झाल्यासारखं दिसेल, घाबरू नका, शेवटच्या चालीला सगळं परत येतं, ते तीन सोडून.

फॉर्म्युला म्हणजे हे. मंत्र नव्हे. कुणीतरी 'काय हलवायचं' यापेक्षा 'काय हलू द्यायचं नाही' याचा विचार करून बांधलेली साखळी.

मग पोरं विचारतात, "दादा, एकच फॉर्म्युला सारखा मारत राहिलो तर कधीतरी सुटेलच ना?" चांगला प्रश्न आहे. उत्तर आहे, जवळजवळ कधीच नाही. कुठलीही साखळी पुन्हा पुन्हा केली की क्यूब गोल फिरून निघालेल्या जागी येतो. आर, यू एवढंच करत राहिलात तर १०५ वेळांनी परत. सगळ्यात लांब गोल किती? १२६०. आर, यू दोनदा, डी प्राईम, बी, डी प्राईम, ही पाच नावांची साखळी १२६० वेळा केल्यावर परत घरी येते. त्यापेक्षा मोठा गोल क्यूबवर नाहीच, हे सिद्ध झालेलं आहे. म्हणजे एका साखळीनं जास्तीत जास्त १२६० अवस्था बघता येतील. आणि क्यूबच्या एकूण अवस्था किती? सांगतोच.

पण त्याआधी एक वळण. आपल्या देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर तुम्हाला माहीत असतील. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसले म्हणजे झालं. अंक मोठ्याकडून लहानाकडे लिहा, मग उलटे लिहा, वजाबाकी करा. आलेल्या उत्तरावर परत तेच. सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येतंच. इथे एकच फॉर्म्युला सारखा मारला की सगळे एकाच घरी पोचतात! मग क्यूबवर का नाही? कारण कापरेकरांच्या वजाबाकीत माहिती गळते. दोन वेगळ्या संख्या एकाच उत्तरावर येतात आणि तिथून मागे जाता येत नाही. सगळे ओढे एका नदीत. क्यूबवर प्रत्येक चाल उलटी करता येते, दोन वेगळ्या अवस्था कधीच एक होत नाहीत. तिथे नदी नाही, नुसते रिंगण. म्हणून क्यूबला आधी बघावं लागतं की आपण आहोत कुठे, आणि मग त्या जागेचा फॉर्म्युला निवडावा लागतो. पाहुण्यांच्या 'नुसत्या पाठांतरा'त हे बघणं कुठे बसतं, ते त्यांनीच सांगावं.

आता मोजणी. आठ कोपरे आठ जागांवर ४०,३२० प्रकारे बसतात. प्रत्येक कोपरा तीन प्रकारे वळू शकतो, पण सात वळवले की आठवा ठरूनच जातो. बारा कडा, त्यांचेही असेच. सगळं गुणलं की येतात ४,३२,५२,००,३२,७४,४८,९८,५६,००० अवस्था. बोलायचं तर सव्वाचार लाख कोटी-कोटी. आणि जे लोक क्यूब उघडून तुकडे काढून परत बसवतात (हो, तुम्हीच), त्यांच्यासाठी माहिती: डोळे मिटून कसेही बसवलेत तर तो सुटण्याजोगा असण्याची शक्यता बारात एक.

अशी मोजणी आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती' लिहिली, तिच्यात 'अंकपाश' नावाचा भाग आहे. त्यात उदाहरण आहे की विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म अदलून बदलून धरले तर किती मूर्ती होतील? २४. आणि शंकराच्या दहा हातांत पाश, अंकुश, साप, डमरू, कवटी, त्रिशूळ, खट्वांग, शक्ती, बाण, धनुष्य असं दहा वस्तूंचं केलं तर? ३६,२८,८००. दहा हातांचा शंकर म्हणजे एक प्रकारचा क्यूबच, फक्त फिरवता येत नाही.

पण मोजणं एक आणि त्यातल्या नेमक्या एका अवस्थेला पत्ता देणं दुसरं. शंकराच्या ३६,२८,८०० मूर्तींपैकी समोर असलेली मूर्ती कितवी? किंवा कुणी म्हटलं, 'दहा हजारावी दाखवा', तर? सगळ्या लिहून काढत बसणार का?

इथे आपण रेल्वेनं जालन्याहून निघतो आणि संभाजीनगर ओलांडून दौलताबादला उतरतो. पाऊणशे किलोमीटर. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे देवगिरीच्या यादवांचा राजा सिंघण राज्य करत होता. त्याच्या पदरी दोन माणसं होती. एक चांगदेव, राजज्योतिषी, भास्कराचार्यांचा नातू. हा योगी चांगदेव नव्हे बरं का, गोंधळ करू नका. चाळीसगावजवळ पाटण्याला या चांगदेवानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा १२०७ सालचा शिलालेख आहे, तो भाऊ दाजी लाडांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. आणि दुसरा माणूस शार्ङ्गदेव. त्याचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आले होते. शार्ङ्गदेवाची नोकरी काय? राज्याच्या हिशेबखात्याचा प्रमुख. आजच्या भाषेत मोठा अकाउंटंट. आणि या अकाउंटंटनं 'संगीतरत्नाकर' लिहिला, भारतीय संगीतावरच्या सगळ्यात मोठ्या ग्रंथांपैकी एक. सात अध्याय, स्वरापासून नृत्यापर्यंत.

पहिल्याच अध्यायात हिशेबनीस जागा होतो. सात स्वर, सा रे ग म प ध नि. एकही स्वर न गाळता, न दोनदा घेता किती ताना होतील? ५०४०. मग तो त्या सगळ्या एका ठरलेल्या क्रमानं कशा लिहायच्या ते सांगतो, त्याला 'प्रस्तार' म्हणतात. तीन स्वरांचा प्रस्तार असा: पहिली सा रे ग, दुसरी रे सा ग, तिसरी सा ग रे, चौथी ग सा रे, पाचवी रे ग सा, सहावी ग रे सा. नीट बघा, आधी ग शेवटी असलेल्या दोन, मग रे शेवटी असलेल्या दोन, मग सा शेवटी असलेल्या दोन.

आणि मग येतो 'खंडमेरू'. मला हा प्रकार कळला तेव्हा मी रात्री दीड वाजता उठून वहीत आखत बसलो होतो. सात रकाने काढा. पहिल्या रकान्यात एकच घर, त्यात १. दुसऱ्यात दोन घरं, ० आणि १. तिसऱ्यात तीन, ०, २, ४. चौथ्यात चार, ०, ६, १२, १८. पाचव्यात ० पासून २४-२४ नं चढत ९६ पर्यंत. सहाव्यात १२० च्या पायरीनं ६०० पर्यंत. सातव्यात ७२० च्या पायरीनं ४३२० पर्यंत. प्रत्येक रकान्याच्या वरच्या घरात एक खडा ठेवा. खरा खडा, हो. ग्रंथात खडेच सांगितले आहेत.

आता कुणी तान दिली आणि विचारलं, ही कितवी? याला नाव आहे 'उद्दिष्ट'. समजा चार स्वरांची तान आहे: ग सा म रे. शेवटचा स्वर बघा, रे. मूळ क्रमात सा रे ग म. शेवटाकडून मोजलं तर म ला शून्य पावलं, ग ला एक, रे ला दोन. म्हणून चौथ्या रकान्यातला खडा दोन घरं खाली, तिथे १२. रे खोडा. उरले ग सा म, शेवटी म, मूळ क्रमातही म शेवटी, खडा हलत नाही, ०. म खोडा. उरले ग सा, शेवटी सा, एक पाऊल, दुसऱ्या रकान्यात १. आणि पहिल्या रकान्यातला १ कायमचा. १२ अधिक ० अधिक १ अधिक १, चौदा. ही चौदावी तान. एकही तान लिहून न काढता!

उलटंही होतं. आकडा दिला, तान शोधा. त्याला म्हणतात 'नष्ट'. हरवलेली तान खड्यांवरून परत मिळवायची. सगळे खडे तळाला नेले तर बेरीज किती? १ + १ + ४ + १८ + ९६ + ६०० + ४३२०, म्हणजे बरोबर ५०४०, आणि ती तान येते नि ध प म ग रे सा. सरळ अवरोह. पहिली तान आरोह, शेवटची अवरोह, मधे बाकी सगळं जग.

याचा गाण्यात उपयोग झाला का? हो. मेरुखंड नावाची गायकीतली शिस्त याच नात्यातली. मुंबईच्या भेंडीबाजार घराण्यात आणि उस्ताद अमीर खाँ साहेबांच्या गाण्यात ती ऐकू येते. आणि हो, तीही आधी घोकावीच लागते. गायक स्वरांच्या फेरफारी वर्षानुवर्षं घोकतो आणि मग मैफलीत त्यातली नेमकी कुठली, कधी काढायची, ते त्याचं त्याला ठरवावं लागतं. अमीर खाँ साहेबांना कुणी माइकवरून 'हे पाठांतर आहे' असं म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

आता मोठी उडी मारू. जर्मनीत डार्मस्टाट गावात हर्बर्ट कोसिंबा नावाचे शिक्षक होते, गणित आणि भौतिकशास्त्र शिकवणारे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी कॉम्प्युटरला क्यूब थोडक्या चालींत सोडवायला शिकवलं. त्याआधी १९८१ मध्येच लंडनच्या मॉर्विन थिसलथ्वेट यांनी दाखवलं होतं की कुठलाही क्यूब ५२ चालींत सुटतो, चार टप्प्यांत. कोसिंबांनी ते दोन टप्प्यांवर आणलं. पण कॉम्प्युटरपुढची अडचण आपलीच होती: समोरची अवस्था कितवी? मेमरीत लाखो नोंदींचा तक्ता आहे, त्यातल्या कुठल्या ओळीत बघू? त्यासाठी प्रत्येक मांडणीला आकडा हवा. आठ कोपऱ्यांच्या मांडणीला त्यांनी ० ते ४०,३१९ असा आकडा दिला. कसा? प्रत्येक तुकड्याच्या आधी त्याच्यापेक्षा वरच्या क्रमाचे किती आलेत ते मोजायचं, त्याला १, २, ६, २४, १२०, ७२०, ५०४० यांपैकी आपापल्या आकड्यानं गुणायचं आणि बेरीज.

ओळखीचं वाटलं? खंडमेरूच आहे. आठवा रकाना वाढवलेला, आणि त्या रकान्याची पायरी किती, तर ५०४०. शार्ङ्गदेवाच्या सगळ्या ताना मिळून एक पायरी. आज पुस्तकांत याला लेहमर कोड म्हणतात, एका अमेरिकन गणितज्ञाच्या नावावरून.

आता मी थोडा कडू होणार आहे. हे ऐकून कुणीतरी 'रुबिक क्यूबचा शोध देवगिरीत लागला' असा फॉरवर्ड बनवेल. कृपा करून बनवू नका. कोसिंबांनी संगीतरत्नाकर वाचून हे केलं नाही. शार्ङ्गदेवानं क्यूब पाहिला नव्हता, आणि जी गोष्ट फिरवून परत आणायची असते तिचं गणित त्याला करायचंही नव्हतं. दोघांपुढे एकच प्रश्न आला, 'अफाट मांडण्यांतली ही एक कितवी?', आणि दोघांचं डोकं एकाच वाटेनं गेलं. माझ्या मते यात फुशारकीपेक्षा जास्त मजा आहे. सातशे-साडेसातशे वर्षांच्या अंतरानं एक हिशेबनीस आणि एक शाळामास्तर एकच तक्ता आखतात, एकाच्या हातात खडे, दुसऱ्यापुढे कीबोर्ड. फॉरवर्डमध्ये हे मावणार नाही.

आणि दुसरी गोष्ट, हे ज्ञान टिकलं तेही नशिबानं. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला, पुढच्या वीसेक वर्षांत यादवांचं राज्य संपलं. ग्रंथ वाचला, कारण लोकांनी त्याच्या प्रती केल्या, त्यावर टीका लिहिल्या. विजयनगरच्या दरबारातल्या कल्लिनाथानं पंधराव्या शतकात मोठी टीका लिहिली. पुण्याच्या आनंदाश्रमानं १८९६-९७ मध्ये मंगेश रामकृष्ण तेलंगांकडून तो ग्रंथ संपादून छापला. या सगळ्या साखळीत ज्यांनी नुसतं हुबेहूब उतरवून घेतलं, पाठ केलं, पुढे दिलं, त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. त्यांनाही कुणी म्हणालं असेल, बुद्धी वेगळी.

क्यूबकडे परत येऊ. ५ जून १९८२ ला बुडापेस्टमध्ये पहिली जागतिक स्पर्धा झाली, अमेरिकेचा मिन्ह थाय २२.९५ सेकंदांत जिंकला. नंतर लाट ओसरली. ती परत आली इंटरनेटमुळे. जेसिका फ्रिडरिच या चेक संशोधक बाईंनी आपली पद्धत १९९७ च्या सुमारास वेबवर टाकली. शेवटच्या थरासाठी आधी रंग वर आणायचे ५७ फॉर्म्युले, मग तुकडे जागेवर न्यायचे २१. अठ्ठ्याहत्तर साखळ्या. समोरची अवस्था अठ्ठ्याहत्तरपैकी कुठली हे सेकंदाच्या तुकड्यात ओळखायचं आणि बोटं सोडायची. याच वाटेनं लोक जात राहिले आणि २०२३ मध्ये मॅक्स पार्कनं ३.१३ सेकंदांचा विक्रम केला.

आणि सगळ्यात अवघड मांडणीला किती चाली लागतात? हा प्रश्न छत्तीस वर्षं उघडा होता. १९९५ मध्ये मायकल रीड यांनी दाखवलं की एका मांडणीला २० लागतातच. सगळे तुकडे जागेवर, फक्त बाराच्या बारा कडा उलट्या, अशी ती मांडणी. पण कुणाला एकवीस लागत नाहीत कशावरून? जुलै २०१० मध्ये रोकिकी, कोसिंबा, डेव्हिडसन आणि डेथरिज या चौघांनी उत्तर दिलं. त्यांनी सगळ्या अवस्थांचे २ अब्जांहून जास्त गठ्ठे केले, प्रत्येकात १,९५० कोटींहून जास्त अवस्था. सारखे दिसणारे गठ्ठे वगळून साडेपाच कोटींच्या आसपास उरले. एका कॉम्प्युटरला जे काम करायला ३५ वर्षं लागली असती ते गूगलनं दिलेल्या मशीनांवर काही आठवड्यांत संपलं. उत्तर: वीस. याला 'देवाचा आकडा' म्हणतात. देव वीस चालींत सोडवतो. आपण साठ घेतो, काही जण शंभर. पाहुण्यांनी किती घेतल्या असत्या, माहीत नाही.

आता तुमच्यासाठी काम. वहीत खंडमेरू आखा, सात रकाने, खडे नसतील तर तुरीच्या डाळीचे दाणे घ्या. तान देतो: ग म प ध नि सा रे. शेवटी रे, म्हणजे सातव्या रकान्यात पाच घरं खाली. मग शेवटी सा, सहाव्यातही पाच घरं खाली. पुढचे सगळे जागेवर. बेरीज ४२०१ आली तर खडे बरोबर हलले.